गुंडाळलेली नावं

काकांना नवा माणूस भेटला की ते त्याचं नाव विचारत नसत. आधी गाव, मग आळी किंवा वाडी, मग घर कुणाचं, आणि हे सगळं उरकल्यावर नाव. नाव कळलं तरी सुटका नव्हती. शेवटी "आणि काय पायजे?" हा प्रश्न ठरलेला. समोरचा माणूस वरमायचा. काकांना त्यात काही उद्धटपणा वाटत नसे. माणसाची ओळख याच क्रमानं पुरी होते, असं त्यांचं मत होतं. हा क्रम त्यांनी आपल्या गावच्या, पोशीरच्या, म्हाताऱ्यांकडून उचलला की कंपायलरकडून, हे चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढूनही मला सांगता येणार नाही.

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालेल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक कामाला आपण साधंसं नाव देतो. पण 'सुरू कर' नावाची कामं चार ठिकाणी असू शकतात, पंपाचं वेगळं, पंख्याचं वेगळं. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून आम्ही वापरायचो त्या सी प्लस प्लस भाषेचा कंपायलर प्रत्येक नावाला त्याचं सगळं गोत्र चिकटवतो. काम कुठल्या घरचं, घराच्या नावात अक्षरं किती, कामाच्या नावात किती, आणि अगदी शेवटी एखादं बारीक अक्षर, या कामाला काय द्यावं लागतं ते सांगणारं. पूर्णांक लागत असेल तर आय, दशांश चालत असेल तर डी, काहीच नको असेल तर व्ही. हे सगळं मध्ये जागा न सोडता एका दमात लिहिलेलं असतं. बघणाऱ्याला वाटावं, कीबोर्डवरून मांजर चालत गेलं. काका या प्रकाराला 'गुंडाळणं' म्हणायचे.

अशी नावं सोडवून देणारं छोटं टूल मिळतं. गुंडाळलेलं नाव त्याच्यापुढे टाकायचं, एंटर दाबायचं, की ते वाचण्याजोगं होऊन समोर येतं. जगभरचे प्रोग्रामर तेच करतात. काकांनी मात्र ते टूल आमच्या ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवरून काढून टाकलं होतं. सगळे संगणक म्हणजे तीन.

ऑफिस खालापूरला, तहसील कचेरीच्या अंगाला, एका झेरॉक्सच्या दुकानावर. आजूबाजूच्या कारखान्यांतली यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो आणि जुने सांभाळायचो. माझी मुलाखत तिथेच झाली. पदवीचं प्रमाणपत्र मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेलं होतं, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गुंडाळलेल्या नावांनी भरलेला एक कागद आणि एक पेन्सिल माझ्यापुढे सरकवली आणि सोडव म्हणाले. मी ऐटीत सांगितलं की यासाठी टूल असतं. ते म्हणाले, "टूल हाय. मग तू कशाला?" मी निमूटपणे पेन्सिल उचलली. दोन तासांत अकरा नावं सोडवली, त्यातली चार चुकली, आणि मला नोकरी मिळाली. बरोबर आली म्हणून नव्हे. टूल नसताना मी उठून गेलो नाही, म्हणून.

ते स्वतः कसे सोडवायचे हे बघण्यासारखं होतं. स्क्रीनपासून मान जरा वळवून, डोळे अर्धे मिटून, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत. सात म्हटलं की सात पेरं, मग थांबून त्या घराचं नाव, परत आकडा, परत पेरं. भटजी पंचांगावरून मुहूर्त काढतात तसा त्यांचा चेहरा व्हायचा. पुढेपुढे त्यांना स्क्रीन लागेनाशी झाली. मी अक्षरं वाचायची आणि त्यांनी नुसती ऐकून सोडवायची. माझ्या तोंडून एखादं अक्षर निसटलं तर पेरांचा हिशोब जमायचा नाही आणि ते म्हणायचे, "एक खाल्लंस रं."

खाली झेरॉक्सवाल्याकडे सातबाऱ्याच्या नकला काढायला आलेली माणसं जिना चुकून वर आमच्याकडे येत. आम्ही त्यांना खाली पाठवायचो, काका बसवून घ्यायचे. गट नंबर, हिस्सा, फेरफार, कुणाचं नाव कंसात गेलं आणि कंसात गेलं म्हणजे काय झालं, हे सगळं ते त्या माणसाला त्याच्याच भाषेत सांगायचे. तासभर जायचा. मी घड्याळाकडे बघितलं की म्हणायचे, "हेबी गुंडाळलेलंच हाय. आपलंच काम हाय हे." पुढे पुढे माणसं जिना चुकून यायची थांबली आणि मुद्दाम यायला लागली.

घरी काकूंचे वेगळे हाल. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर काकांनी एका रविवारी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'मांडणी, दुसरा कप्पा, डावीकडून चौथा, डाळ, तूर.' मी पोशीरला जेवायला गेलो होतो तेव्हा काकूंनी मला त्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, "डबा मांडणीवर हाय हे मला दिसतंय की. आत काय हाय तेवढंच शेवटाला लिवतात हे. आन् तिथवर वाचंस्तोवर फोडणी जळते." काका पाटावर बसून शांतपणे भात कालवत होते. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा चिठ्ठ्या तशाच होत्या, पण काकूंनी सगळ्या डब्यांच्या जागा बदललेल्या होत्या.

माणसांनाही ते शेवटच्या अक्षरानं ओळखायचे. अमका दशांश आहे म्हणजे बारकाव्यानं बोलावं लागेल, तमका पूर्णांक म्हणजे हो किंवा नाही एवढंच सांगायचं. आणि ज्याच्याबद्दल त्यांना खरी माया असायची त्याला ते व्ही म्हणायचे, काहीच न मागणारा. मी कोण, असं एकदा विचारलं तर म्हणाले, तुझं शेवटचं अक्षर अजून उमटायचं आहे. मला ते लागलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि लगेच लागायचं मला सगळं.

त्यांचा एकच नियम कडक होता. कंपायलरला एखादी गोष्ट अजिबात चालली नाही तर तो काम थांबवतो, पण नुसती खटकली तर एक सूचना देऊन पुढे जातो. बहुतेक लोक या सूचनांकडे दुर्लक्ष करतात. काका म्हणायचे, तो ओरडत नाही म्हणून काय झालं, खाकरतोय ना? घरातलं जुनं माणूस ओसरीवरून खाकरलं की आतल्यानं ऐकायचं असतं. म्हणून प्रत्येक काम बाहेर जाण्याआधी ते मला विचारत, "खाकरत नाय ना कुठं?" आणि मी नाही म्हणायचो.

लोधिवलीच्या पुढे, चौकच्या बाजूला एक हॅचरी होती. कोंबडीची अंडी यंत्रांत उबवून पिल्लं काढण्याचा कारखाना. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. तिथल्या उबवणीच्या खोल्यांचं जुनं पॅनेल फॅरनहाइटमध्ये चालायचं आणि त्यावर शंभर हा पूर्ण आकडा टाकला की भागायचं. मालकांना सगळं सेल्सिअसमध्ये आणि टचस्क्रीनवर हवं झालं. ती स्क्रीन मी लिहिली. आतला जुना भाग, म्हणजे खोली प्रत्यक्ष तापवणारा आणि नोंद ठेवणारा, फक्त सेल्सिअसवर वळवून बाकी तसाच ठेवला. जोडताना कंपायलर दोन-अडीचशे ओळी खाकरला. बहुतेक फालतू होत्या. मी एक खूण करून त्याचं तोंडच बंद केलं. चाचणी अडतीस टाकून घेतली, खोली अडतीसला आली, मी खूश. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. नाही काका, मी म्हणालो.

महिन्याभरानं हॅचरीच्या मॅनेजरचा फोन आला. एकविसाव्या दिवशी फुटायला हवी होती त्या खेपेतली निम्म्याहून जास्त अंडी फुटलीच नव्हती, आणि निघालेली पिल्लं पायांवर उभी राहत नव्हती. भिंतीवरच्या कागदावर सदतीस पॉइंट सात लिहिलेलं, नोंदीत मात्र सदतीस. खोली सांभाळणाऱ्या ऑपरेटरनं निष्काळजीपणा केला हे उघड दिसत होतं. तरी यंत्र एकदा तपासून जा, असं ते म्हणाले.

ऑपरेटरचं नाव गोमा. मागच्या डोंगरातल्या ठाकरवाडीवरचा, चाळिशीचा, हलक्या पावलांनी चालणारा माणूस. वाडीवरून नोकरीला आलेला तो पहिला, त्याच्या शब्दावर आणखी दोघं लागलेले. मी गेलो तेव्हा तो ऑफिसच्या दाराबाहेर उभा होता. सोमवारपासून येऊ नको असं त्याला सांगून झालं होतं. मॅनेजरनं मला नोंद दाखवली. एकदा नव्हे, नऊ वेळा सदतीस टाकलेलं. मी स्क्रीन उघडली, अडतीस टाकून पाहिलं, खोली चढायला लागली. यंत्र बरोबर आहे, असं मी मॅनेजरला सांगितलं. दार उघडंच होतं. गोमानं ते ऐकलं.

मी निघालो तेव्हा तो माझ्यासोबत गाडीपर्यंत चालत आला. तो रागावलेला नव्हता. त्यानं एवढंच सांगितलं, "सायेब, मी सदतीस पॉइंट सातच टाकला व्हता. तिसऱ्या दिवशी अंडं गालाला लावलं तर गार लागलं. म्हणून परत टाकला. रोज लावून बघायचो, गारच लागायचं. म्हणून नऊदा टाकला." त्यानं सुपरवायजरलाही सांगितलं होतं. स्क्रीनवर त्यानं टाकलेला आकडाच दिसत होता, म्हणून आकडे बघ, अंडी बघू नको, असं उत्तर त्याला मिळालं होतं. मग म्हणाला, "माझं जाऊ द्या. वाडीवरच्या दुसऱ्या कुणाला आता हितं कोन घेनार?"

मी परत आत गेलो. का, ते नीट सांगता येणार नाही. नऊ वेळा चुकीचा आकडा टाकायला माणूस नऊ वेळा उठत नाही, एवढंच तेव्हा डोक्यात आलं असावं. मूळ प्रोग्रॅम खालापूरला ऑफिसात होता, इथे यंत्रात होता तो कंपायलरमधून निघालेला. त्यातल्या नावांची यादी काढली. गुंडाळलेली नावं पानभर. टूल अर्थातच नव्हतं. मी काकांना फोन लावला.

ते पोशीरला भात झोडत होते. फोन काकूंनी घेतला आणि त्यांच्या कानाशी धरला. झोडणीचा धपधप आवाज येत होता. त्यांनी सांगितलं, खोलीचं नाव असलेलं आणि तापमान ठरवणारं तेवढं वाच. मी वाचायला लागलो. झेड, एन, सात. मग चेंबर या नावाची सात अक्षरं. परत सात. मग सेटटेम्पची सात. मग ई, म्हणजे नाव संपलं. आणि शेवटी आय.

धपधप थांबली.

"परत वाच," काका म्हणाले. मी परत वाचलं. आय. त्यांनी विचारलं, तुझ्या स्क्रीनवर पॉइंटनंतरचा आकडा टाकता येतो का? येतो, मी म्हणालो. आणि म्हणतानाच मला कळलं. आतलं काम फक्त पूर्णांक घेत होतं. गोमानं टाकलेले सदतीस पॉइंट सात माझ्या स्क्रीननं त्या कामाच्या हातात दिले आणि त्यानं सदतीस ठेवून पॉइंट सात टाकून दिले. नऊ वेळा. शंभरला किंवा अडतीसला टाकून द्यायला काही नव्हतंच.

"खाकरला असंल की रं तो," काका हळूच म्हणाले.

मी सांगितलं, मी त्याचं तोंड बंद केलं होतं आणि तुम्हाला खोटं सांगितलं होतं. पलीकडून काकूंचा आवाज आला, काय झालं म्हणून. काकांनी मला तिथेच थांबायला सांगितलं.

तासाभरात ते स्कूटरवरून आले, डोक्यात भाताचं कूस, शर्ट घामेजलेला. तसेच मॅनेजरपुढे बसले आणि काय घडलं ते मोजक्या शब्दांत सांगितलं. मॅनेजर समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, हरकत नाही, अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिहू, गोमा कामावर राहील, विषय संपला. माझा जीव भांड्यात पडला. मला त्या क्षणी तो मॅनेजर देवमाणूस वाटला, हे कबूल करतो.

काकांनी गोमाला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि आपला शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तुला काय पाहिजे? गोमानं कागद मागितला. त्यानं आकडा बरोबर टाकला होता असं लिहिलेला, वाडीवर वाचून दाखवता येईल असा.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी लिहायला बसलो. पहिल्या खेपेला लिहिलं, 'प्रणालीतील विसंगतीमुळे तापमानाची नोंद अपूर्णांकाविना घेतली गेली.' काकांनी वाचलं, अंगठा पेरांवरून फिरवावा तसा त्या ओळीवरून फिरवला आणि कागद परत दिला. "हे गुंडाळलेलं हाय. सोडव." मी लिहिलं, 'ऑपरेटरने सदतीस पॉइंट सात हा आकडा टाकला होता. स्क्रीनच्या चुकीमुळे यंत्राने सदतीस घेतला.' त्यांनी परत दिला. "अजून एक गाठ हाय. स्क्रीन काय झाडाला लागली व्हती?" मॅनेजर चुळबुळ करत होता. चोवीस वर्षांच्या माणसाला स्वतःचं नाव लिहिणं किती जड जातं ते मला त्या टेबलाशी समजलं.

तिसरा कागद असा होता: 'गोमानं दर वेळी सदतीस पॉइंट सात टाकले. ते बरोबर होतं. खोली थंड आहे हे त्यानं तिसऱ्या दिवशी सांगितलं. तेही बरोबर होतं. स्क्रीन मी बनवली. पॉइंट सात माझ्या चुकीनं गळले. यंत्र बरोबर आहे असं मी आज सांगितलं, तेही चूक होतं.' खाली माझं नाव आणि सही. काकांनी कागद घेतला, आणि मला वाटलं आता हातावेगळा झाला. पण त्यांनी पेन उघडून खाली आपल्या अक्षरात लिहिलं, 'याचं काम तपासायचं माझ्याकडे होतं. मी नुसतं विचारलं. बघितलं नाही.' आणि सही केली.

गोमाला वाचता यायचं, पण त्यानं मलाच वाचायला लावलं. बाहेर, दोन्ही पाळ्यांची माणसं उभी होती तिथे. मी वाचलं. त्यानं आणखी एकदा वाचायला लावलं. दुसऱ्या खेपेला 'तेही बरोबर होतं' इथे आल्यावर त्यानं आकडे बघायला सांगणाऱ्या त्या सुपरवायजरकडे पाहिलं, आणि सुपरवायजरनं मान खाली घातली. मग गोमानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि कामावर गेला.

पंधरा दिवसांनी हॅचरीच्या मालकांचं पत्र आलं. चूक सहीनिशी कबूल केल्याचं कळल्यावर कुठलाही मालक जे करेल तेच त्यांनी केलं होतं. आमचं काम पुढच्या महिन्यापासून बंद. काकांनी ते पत्र खिडकीशी उभं राहून वाचलं. त्यांनी मॅनेजरचं ऐकलं असतं तर हे पत्र आलं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चांगलं लिवलंय. एका वाचनात समजतंय."

मला रडू आलं. त्या वयात रडू आलेलं लपवायची एक पद्धत असते, ती मला साधली नाही. मी म्हणालो, "काका, हे माझ्यामुळे झालं."

दुसरा कुणी असता तर नाही रे, असं कसं, असं काहीतरी म्हणाला असता. मी मनातून त्याचीच वाट बघत होतो. काकांनी खिडकी लावली, चपला घातल्या आणि जिन्याच्या तोंडाशी थांबले.

"व्हय, तुझ्यामुळं," ते म्हणाले. "उद्या नऊला ये."